बंद दर्या, चालू व्याज

नांदेडच्या माणसाला समुद्र पाहायचा तर एक रात्र आगगाडीत काढावी लागते. लातूरकराची स्थिती फारशी निराळी नाही. आणि गोठलेला समुद्र तर आपणांपैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असणार. असे असता बर्फाच्या हंगामात मालाची जहाजे चालविण्याचा जमाखर्च हा विषय गोदाकाठी आणि बालाघाटाच्या पठारावर कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. आमचे उत्तर असे की, बर्फ हे निमित्त आहे. ज्या धंद्याला निसर्ग वर्षातून काही महिने कुलूप घालतो, त्या धंद्यात कुलपाच्या महिन्यांचे पैसे कोणी भरायचे, हा खरा प्रश्न आहे. तो मॉंट्रियलच्या जहाजमालकाला पडला, हर्णैच्या नाखव्याला पडला, आणि ज्याच्या जिनिंगचा भोंगा उन्हाळ्याअखेर थांबतो त्या नांदेडच्या कारखानदारालाही पडला. प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडविला, आणि बहुतेकांनी तो दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर टाकून सोडविला. इतिहासात गंमत आहे ती एवढीच. बाकीचा भाग आकडेमोडीचा आहे.

आकडेमोडही फार अवघड नाही. समजा, एका जहाजावर भांडवलाचे व्याज, घसारा, विमा, कायम नोकरांचे पगार असा वर्षाचा बांधील खर्च बारा लाख रुपये येतो. जहाज बारा महिने चालले तर हा भार महिन्याला एक लाख पडतो. तेच जहाज आठ महिने चालले आणि चार महिने गोदीत उभे राहिले, तर प्रत्येक चालू महिन्याच्या डोक्यावर दीड लाख बसतो. कोळसा वाचतो, तेल वाचते, बंदराची पट्टी वाचते. परंतु सावकाराचे व्याज वाचत नाही. बर्फ पडो की पाऊस पडो, व्याजाला मोसम नसतो. म्हणून जहाजमालकापुढे दोनच वाटा राहतात. बंद हंगामात उभे राहून उघड्या हंगामात दीडपट भाडे घ्यावयाचे, किंवा बंद हंगामातही जहाज रेटावयाचे. दुसरी वाट मोहाची खरी, पण तिच्यावर जकातीची ठाणी पुष्कळ.

ही ठाणी कोणती? बर्फात जाणाऱ्या जहाजाचा पुढचा भाग आणि पाण्याच्या रेषेवरचा पत्रा जाड असावा लागतो, आतल्या फासळ्या जवळजवळ बसवाव्या लागतात, यंत्र अधिक ताकदीचे लागते. हे सारे लोखंड बारा महिने जहाजाबरोबर हिंडते. हिवाळ्यात ते रक्षण करते. उन्हाळ्यात मात्र ते फुकटचे ओझे असते आणि त्याच्या वजनाइतका माल कमी घ्यावा लागतो. विमेवाले तर याहून धोरणी. ठरावीक अक्षांशापलीकडे हिवाळ्यात जाल तर जादा हप्ता द्या, नाही तर नुकसान तुमचे, असे कलम त्यांनी पूर्वीपासूनच घालून ठेवले आहे. शिवाय बर्फ फोडणाऱ्या बोटीची वाट पाहत दिवस जातात, वेग मंदावतो, पंख्याची पाती मोडतात. या सगळ्यापुढे जमेच्या बाजूला एकच गोष्ट असते: त्या काळात समुद्रावर जहाजे थोडी असतात, म्हणून भाडे चढे मिळते.

आणखी एक ठाणे आहे, ते कायद्याचे. सॅम्युएल प्लिम्सॉल या इंग्रज लोकप्रतिनिधीने फाजील माल भरून बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून १८७६ साली कायदा करून घेतला, आणि जहाजाच्या कुशीवर भाररेषा आली. पुढे त्या एका रेषेच्या अनेक रेषा झाल्या. उष्ण कटिबंधाची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरविले की, उन्हाळ्यात जहाज जितके पाण्यात बसते त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतके ते हिवाळ्यात अधिक वर राहिले पाहिजे. आठ मीटर बसणाऱ्या जहाजाला म्हणजे सुमारे सतरा सेंटिमीटर. ऐकायला हा वीतभर फरक वाटतो. पण जहाजाच्या लांबी-रुंदीने त्याला गुणले म्हणजे मोठ्या जहाजावर तो काही शे टन मालाचा होतो. तेवढे भाडे प्रत्येक खेपेला बुडाले. त्या वीतभर जागेत खलाशांचे प्राण मावतात, हे मात्र विसरता कामा नये.

आता उत्तरेकडे काय घडले ते पाहू. रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग आणि तिच्यासमोरचे क्रोनश्टाट बंदर वर्षातले कितीतरी महिने गोठलेले असे. १८६४ साली क्रोनश्टाटच्या ब्रिटनेव्ह नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या 'पायलट' या लहानशा वाफेच्या बोटीचे नाक तिरपे कापून घेतले, अशा बेताने की बोट बर्फावर चढावी आणि आपल्या वजनाने तो फोडावा. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. त्याला दळणवळणाचे आणखी काही आठवडे हवे होते, आणि ते त्याला मिळाले. १८७०-७१ च्या कडक हिवाळ्यात हॅम्बर्गचा व्यापार अडला तेव्हा जर्मनांनी याच कल्पनेवर एल्ब नदीसाठी बर्फफोडी बोट बांधली. पुढे अॅडमिरल मकारोव्ह याच्या आग्रहाने इंग्लंडात 'येर्माक' हे प्रचंड जहाज १८९८ साली तयार झाले. व्यापाऱ्याच्या निकडीतून निघालेली युक्ती पस्तीस वर्षांत सरकारच्या कर्तव्यात जमा झाली. याचे कारण उघड आहे. एकट्या मालकाला बर्फ फोडणे परवडत नाही. त्याने फोडलेल्या वाटेने मागची दहा जहाजे फुकट जातात.

हा मुद्दा सर्वांत स्वच्छपणे ओळखला तो फिनलंडने. या देशाची जवळजवळ सगळी बंदरे हिवाळ्यात गोठणारी. आधी त्याने दक्षिण टोकाच्या हांको बंदरापर्यंत १८७३ साली रेल्वे नेली, कारण तेथे बर्फ सर्वांत उशिरा धरतो. मग १८९० साली 'मुर्ताया' ही पहिली बर्फफोडी बोट आणली. १९७० नंतर तर मुख्य बंदरे बारा महिने उघडी राहू लागली. पैसे कोठून आणले? फिनलंडच्या बंदरी येणाऱ्या जहाजांकडून जलमार्गाची पट्टी घेतली जाते, आणि ती उन्हाळ्यात येणाऱ्याकडूनही घेतली जाते. जहाज बर्फाला जितके मजबूत, तितकी पट्टी कमी. हिवाळ्यात बर्फफोडीची मदत लागली तर तिचे वेगळे बिल येत नाही. मात्र जहाज पुरेसे मजबूत नसेल तर मदतच मिळत नाही. म्हणजे जूनमध्ये निळ्या पाण्यातून मजेत येणारा कप्तान फेब्रुवारीतल्या आपल्या बंधूचा खर्च थोडा थोडा भरीत असतो. त्याला हे आवडत असेलच असे नाही. पण कागदाचा लगदा आणि लाकूड बारा महिने बाहेर जाते, गिरण्या बारा महिने चालतात, आणि कामगाराला हिवाळ्यात घरी बसावे लागत नाही.

कॅनडाने फार काळ उलट मार्ग धरला. मॉंट्रियल हे सेंट लॉरेन्स नदीवरचे बंदर डिसेंबरात मिटायचे ते एप्रिलात उघडायचे. वसंतात समुद्रावरून जे जहाज पहिले येई त्याच्या कप्तानाला सोन्याच्या मुठीची काठी देण्याची रीत तेथे १८४० पासून आहे. आपल्याकडे पहिल्या कापसाच्या गाडीला हार घालतात तसलेच हे कौतुक. मधल्या महिन्यांत गहू कोठारांत पडून राही, किंवा रेल्वेने सेंट जॉन, हॅलिफॅक्स या न गोठणाऱ्या बंदरांना जाई. १९६४ सालच्या ४ जानेवारीला 'हेल्गा डॅन' हे डेन्मार्कचे मजबूत जहाज ऐन थंडीत मॉंट्रियलला येऊन थडकले आणि जुना समज संपला. तेव्हापासून काठीचा मान जानेवारीतल्या पहिल्या जहाजाला मिळतो.

परंतु दर वेळी रेटणेच शहाणपणाचे असते असेही नाही. अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांवर लोखंडाची माती वाहणारी जहाजे बारा महिने चालवून पाहावी म्हणून तेथील सरकारने १९७१ ते १९७९ पर्यंत प्रयोग केला. जहाजे चालली, नाही असे नाही. पण बर्फ फोडण्याचा खर्च, किनाऱ्यांची हानी, बेटांवरच्या लोकांची होणारी अडचण हे सगळे मांडले तेव्हा बेरीज जमेना. प्रयोग आवरता घेतला. आज सू येथील जलद्वारे १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. त्या काळात त्यांची दुरुस्ती होते, आणि पोलादाचे कारखाने शरदातच मातीचे डोंगर रचून ठेवतात. थांबणे हाही एक हिशेबच आहे. मात्र तो आधी मांडलेला असावा.

या बर्फाशी आपल्या देशाचा एक विलक्षण संबंध आला होता, तो येथे सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून उष्ण देशांना विकी. १८३३ साली त्याचे 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले आणि चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन शिल्लक घेऊन पोहोचले. पुढच्या वर्षी अमेरिकी बर्फ मुंबईलाही आला. चार महिने उन्हातून बर्फ नेणे परवडले कसे? कारण अमेरिकेहून हिंदुस्थानकडे येताना जहाजांना पुरेसा माल मिळत नसे. तोल राहावा म्हणून तळाशी दगड भरून यावे लागे. दगडाच्या जागी बर्फ आला, म्हणून भाडे नाममात्र. शिवाय तो कापायला आजूबाजूचे शेतकरी स्वस्तात मिळत, कारण त्यांची शेते थंडीत बंद असत. बंद हंगामातले रिकामे हात आणि रिकामे जहाज या दोहोंची गाठ ट्यूडरने घातली. असला माणूस शंभरांत एखादाच निघतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आपला समुद्र गोठत नाही; पण मिटतो. मृगाच्या आधी कोकणचा दर्या फिरतो आणि नारळी पौर्णिमेला कोळी त्याची पूजा करून नारळ सोडतात तोवर शिडाची होडी उघड्या समुद्रात जात नाही. हा पाऊसकाळ म्हणजेच आपला हिवाळा, ही आमची केवळ उपमा नव्हे. वर सांगितलेल्या भाररेषांच्या करारातही मुंबईसमोरच्या अरबी समुद्राला वर्षातले नऊ महिने उष्ण कटिबंधाची सवलत आहे आणि जून ते ऑगस्ट हे तीन महिने ती काढून घेतली आहे. त्या तीन महिन्यांत मोठ्या आगबोटीनेही एक रेघ कमी माल भरावयाचा. उत्तरेला जो नियम डिसेंबरात लागतो त्याच जातीचा नियम आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात लागतो.

आपल्या पूर्वजांनी या बंद महिन्यांचा विचार केला होता काय? केला होता, आणि चांगला केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. वादळी दिवस येण्यापूर्वी जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात छावणीला घालावी, असे ते सांगतात. आणि त्यापुढे म्हणतात की, दर वर्षी एकाच बंदरी छावणी करू नये. आरमारी लोकांना कितीही आवर घातला तरी त्यांचा रयतेला उपद्रव व्हायचाच. हे वाचून आम्ही थक्क झालो. रिकाम्या जहाजांवरचे रिकामे लोक चार महिने एका गावाच्या अंगावर बसले म्हणजे बंद हंगामाचा खर्च ते गाव भरते, हे या मुत्सद्द्याने ओळखले. दर वर्षी गाव बदलावे, म्हणजे तो भार एकावरच पडत नाही. फिनलंडची पट्टी आणि अमात्यांची ही आज्ञा यांत तत्त्व एकच आहे. साधने तेवढी वेगळी.

पुढे इंग्रजी अमलात कोकणच्या किनाऱ्याला आगबोटी आल्या. शेपर्ड कंपनी, तिच्यातून वाढलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, तिच्याशी झुंजणाऱ्या देशी कंपन्या ही सारी कहाणी कोकणी माणसाला तोंडपाठ असे. या बोटी मे महिन्याच्या अखेरीस बंद होत आणि पावसाळा सरल्यावर सुरू होत. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी शेवटच्या बोटीने घरी जाई, नाही तर घाट उतरून, नद्या ओलांडून, चिखल तुडवीत जाई. बोट कंपनीचे तिकीट स्वस्त का नाही म्हणून वर्तमानपत्रांतून ओरड होई. पण आठ महिन्यांत बारा महिन्यांची कमाई करायची ही कंपनीची अडचण होतीच. आणि ही अडचण पुढे करून प्रवाशाला मेंढरासारखे कोंबायचे ही तिची सवयही होती. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

शिडाच्या गलबतांचे काय होई? ती किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारली जात. नाखव्याची गुंतवणूक झापांखाली निजे. खलाशाचे पोट मात्र जागे असे. त्याची पावसाळ्यात थोडी भातशेती, थोडे खाडीतले मासे, आणि बाकी उचल. उचल हा शब्द मराठवाड्याला समजावून सांगायला नको. मोसम सुरू होण्याआधी नाखव्याकडून पैसे घ्यायचे आणि मोसमभर ते फेडायचे. जहाज उभे राहण्याचा खर्च मालकाच्या वहीतून खलाशाच्या नावावर कसा जातो, ते या एका शब्दात आहे.

आणि बंद हंगामात जहाज रेटले तर काय होते, तेही आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. लांबचे मार्ग बंद झाले तरी मुंबईहून समोरच्या रेवस बंदराला बोट जात असे. ते पाणी आडोशाचे, अंतर थोडे. १९४७ सालच्या १७ जुलैला, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, 'रामदास' ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार, घरी जाणाऱ्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती एका कुशीवर आली, लोक घाबरून एका बाजूला धावले, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईला कळले ते कित्येक तासांनी. रेवसकडून आलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी काही जणांना वाचविले. बोट १९३६ सालची, म्हणजे जुनाट नव्हती. तिची मालक कंपनीही परक्यांची नव्हती. स्वदेशीच्या ओढीने लोकांच्या लहान लहान भागांतून उभी राहिलेली, आणि म्हणूनच साधुसंतांची नावे बोटींना देणारी. तेव्हा येथे दुष्ट सावकार शोधून भागत नाही. पावसाळ्यात एकच मार्ग चालू, त्यावर सगळी गर्दी, बंद महिन्यांत मिळेल ते उत्पन्न हवे अशी कंपनीची निकड, घरी जायचेच अशी प्रवाशाची निकड. आणि कोणीही आधी पैसे घालून न घेतलेले एक बिनतारी यंत्र. बिनतारीची किंमत बोटीच्या किमतीच्या मानाने काय असणार! ती वाचविली, आणि तिचे बिल सहाशे घरांकडे गेले.

आता घराकडे येऊ, म्हणजे कापसाकडे. नांदेडचा गावरानी कापूस लांब आणि रेशमासारख्या धाग्याचा म्हणून पूर्वीपासून नावाजलेला. पण रेल्वे येण्यापूर्वी हा आणि शेजारच्या वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाणार कसा? लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. कापूस वेचला जायचा कार्तिकापासून माघापर्यंत. मग सरकी काढणे, बोजे बांधणे, आणि शेकडो मैल घाटवाटा. वाटेत वळवाने गाठले की गोणी भिजल्या, चिखलाने माखल्या, आणि भाव निम्म्यावर आला. मृगाच्या आत मुंबई गाठायची या धाकाने शेतकरी व छोटा व्यापारी मिळेल त्या भावाला माल काढी. मुंबईतही तीच घाई, कारण शिडाच्या जहाजांना वाऱ्याचा मोसम साधायचा असे. म्हणजे अरबी समुद्राचा बंद हंगाम शेकडो मैलांवर गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या खळ्यात येऊन भाव पाडीत होता. त्याने समुद्र पाहिला नव्हता, इतकेच.

याच अडचणीवर सर आर्थर कॉटन यांनी एक भव्य उपाय सुचविला. धवलेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा करणारे हेच ते इंजिनियर. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून आगबोटी चालवाव्या आणि मध्य प्रांताचा व वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्याला उतरवावा, अशी त्यांची योजना होती. रेल्वेपेक्षा पाण्याची वाहतूक कितीतरी स्वस्त, हे त्यांचे लाडके मत होते आणि तत्त्वतः ते खोटे नव्हते. नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि बंधारे बांधायला प्रारंभही झाला. पण गोदावरीला पाणी असते ते आषाढ ते कार्तिक, आणि त्या वेळी कापूस बोंडात असतो. कापूस तयार होतो तेव्हा नदी वाळवंटातून वाट काढीत असते. नांदेडच्या घाटावर उन्हाळ्यात उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला हे सांगता आले असते. नदीचा मोसम आणि मालाचा मोसम यांची अशी चुकामूक असल्यावर पाणी स्वस्त असून काय उपयोग? त्यातून १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७१ साली सरकारने ही कामे सोडून दिली. अर्धवट बंधाऱ्यांचे अवशेष तेवढे राहिले.

मग रेल्वे आपल्याकडेही आली. मनमाड-सिकंदराबाद ही मीटरमापी वाट १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेली, आणि कुर्डुवाडी-बार्शीची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे वाढत वाढत १९११ साली लातूरला पोहोचली. या छोट्या गाडीच्या वाढीव कामाची काही कंत्राटे सोलापूरच्या वालचंद हिराचंद या तरुणाने फाटक नावाच्या भागीदाराबरोबर घेतली होती. त्याच वालचंदांनी पुढे नरोत्तम मोरारजींबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि १९१९ च्या ५ एप्रिलला तिचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून विलायतेला निघाले. लातूरच्या दिशेने जाणाऱ्या रुळांवर मातीचे भराव टाकणाऱ्या कंत्राटदाराने समुद्रावर जावे, याचे आम्हांला नवल वाटत नाही. माल जहाजापर्यंत पोहोचविण्यात काय खर्च येतो, हे त्याला बारीकसारीक ठाऊक होते.

रेल्वेने पावसाची धास्ती कमी केली. मुंबईचे बंदर निसर्गतःच आडोशाचे. त्यात ससून गोदी १८७५ साली आणि प्रिन्सेस गोदी १८८० साली झाल्यावर आगबोटीत भर पावसाळ्यातही माल चढू लागला. दाभोळ, राजापूर ही जुनी बंदरे मागे पडली त्याला गाळ हे एक कारण खरे. पण बारा महिने उघडे असणाऱ्या शेजाऱ्यापुढे आठ महिन्यांचे दुकान टिकत नाही, हेही कारण लहान नव्हे.

जहाज उभे ठेवण्यापेक्षा नुकसानीत चालवणे बरे वाटते, याचा नमुना मुंबईच्या कापूसवाल्यांनी १८९३ साली पाहिला. मुंबईचा कापूस जपानला नेणाऱ्या पी. अँड ओ. वगैरे कंपन्यांनी एकी करून भाडे चढे ठेवले होते. जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीशी करार करून टनाला १२ रुपयांची सेवा काढली. तेव्हा विरुद्ध पक्षाने पूर्वीच्या सतरा रुपयांच्या आसपासच्या दरावरून एकदम दीड रुपयावर उडी घेतली. दीड रुपयात कोळसाही भागत नसेल! पण मोठ्या कंपनीची जहाजे तशीही जाणारच होती; बांधील खर्च इतर मार्गांवर पसरता येत होता. टाटांची भाड्याने घेतलेली जहाजे हे सोसू शकली नाहीत आणि त्यांची लाइन थोड्याच काळात मिटली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्या पाठीशी जपानच्या गिरणीमालकांचा माल आणि सरकारचा हात होता. ज्याच्या खिशात वाईट महिने काढण्याइतका दम असतो तो चांगल्या महिन्यांचा मालक होतो.

आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यातही हेच झाले. कापूस चार-सहा महिने येतो. बाकी काळ यंत्रांवर धूळ. वऱ्हाड-खानदेशांत कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले तेव्हा मालकांनी 'पूल' केले: काही कारखाने मुद्दाम बंद ठेवायचे, चालू असलेल्यांनी सरकी काढण्याचा दर वाढवायचा, आणि नफा बंद असलेल्यांसकट सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बंद कारखान्यालाही भाग मिळे. हा भाग येई कोठून? मणामागे वाढवलेल्या दरातून. आणि तो दर शेवटी कापूस विकणाऱ्याच्या भावातून कापला जाई. निजामी मुलखात त्यावर करोडगिरीचे नाके होतेच.

मग शेतकऱ्याने माल ठेवून घ्यावा, पावसाळ्यात भाव चढल्यावर विकावा, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. कापूस ठेवायला कोरडी जागा लागते, आणि त्याहून अधिक म्हणजे सावकाराची वही थांबावी लागते. १९५७ साली राज्यात वखार महामंडळ झाले. वखारीच्या पावतीवर कर्ज मिळू लागले, ही गोष्ट लहान नाही. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिच्या तोट्याबद्दल, चुकाऱ्याच्या विलंबाबद्दल आणि केंद्रावर दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल नांदेडकरांना आम्ही काही सांगावे असे नाही. पण मंदीच्या महिन्यांचा बोजा शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरवावा हा तिच्यामागचा विचार, फिनलंडच्या पट्टीच्या कुळातला होता. अंमल बिघडला म्हणून विचारही चुकीचा, असे आम्ही म्हणणार नाही.

कोकणात आता १९९८ पासून सलग रेल्वे आहे, आणि तिलाही दर वर्षी जूनमध्ये वेगळे पावसाळी वेळापत्रक लावावे लागते. गाड्या हळू जातात, पण जातात. लातूरची अडीच फुटी गाडी गेली, तेथे रुंदमापी रूळ आले. कापसाची पुष्कळ जमीन सोयाबीनने घेतली. साखर कारखान्यांचे धुराडे मात्र अजून पाच-सहा महिनेच धूर ओकते. पावसाळ्यात मुकादम गावोगाव हिंडून जोडप्यामागे उचल वाटतो, आणि दसरा उलटला की त्या उचलीवर सही-अंगठा केलेली माणसे, मुलांना पाठीशी घेऊन, घराला कुलूप लावून कारखान्याच्या वाटेला लागतात.